दोन गोलांच्या मधात

शेलूबाजार, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
१८ सप्टेंबर १९७४

चिरंजीव रामधन,

मावशीचा आशीर्वाद घे, आनं हे पत्र वाचून हासू नको. तू हासला तं मले इथं बसल्या बसल्या समजते.

मंगरूळले शिबिराले गेली होती. पाचवीले नवं गणित आलं हाये म्हने. आमा मास्तर-मास्तरणीले तीन दिवस बाकावर बसवलं. साहेबानं फळ्यावर दोन गोल काढले, एकात एक घुसलेले. हा संच अ, हा संच ब. मंग एक टोपलं काढलं सुलटं, त्याले म्हने संयोग. तेच टोपलं उपडं केलं, त्याले म्हने छेद. आमी मुंड्या हालवल्या. एका म्हाताऱ्या गुरुजीनं इचारलं, साहेब, हे कायले? साहेब म्हनले, वरून आलं हाये. घ्या! वरून आलं म्हनल्यावर मानसानं काय बोलावं?

तुह्ये मावसे गेले, त्याच्या दुसऱ्या वर्सी मी ट्रेनिंगले गेली, तवापासून शिकवून राह्यली. पाढे, पावकी, निमकी, व्याज, सारं शिकवलं. तू बी चवथीपासून सातवीपर्यंत माह्याच घरी राहून शिकला. आता एका पानावर माह्यं गाडं अडलं. अ मधी १, २, ३, ४. ब मधी ३, ४, ५. संयोग करा म्हनते. मी केला: चार आनं तीन, सात. मांगं उत्तर पाह्यलं तं पाच! दोन कोनी खाल्ले?

पोळ्याले माह्ये दोघं भाऊ-बहीन येऊन गेले. तुही माय कस्तुरा रिसोडहून, तुहा मामा जगदेव मंगरूळहून. दोघाईले इचारलं. दोघंबी हासले, आनं माह्याच हातच्या पुरनपोया खाऊन गेले.

संकरातीनंतर साहेब तपासनीले येनार हायेत. ज्याले नवं गणित जमनार नाई त्याची पाचवी काढून घेऊ, बालवर्ग देऊ, असं तोंडावर सांगून गेले. मी या वयात नाक पुसत बसू काय? तू बी. एस्सी.ले हाये. नीट समजावून सांगजो.

तुही मावशी,
गोजराबाई


अमरावती
२९ सप्टेंबर १९७४

ती. मावशीस,

रामधनचा नमस्कार. हसलो नाही.

यात अवघड काहीच नाही. संच म्हणजे सुस्पष्ट व्याख्या असलेल्या घटकांचा समूह. एकच घटक दोनदा लिहायचा नाही. संयोग म्हणजे जे अ मध्ये किंवा ब मध्ये आहेत ते सगळे. छेद म्हणजे जे अ मध्ये आहेत आणि ब मध्येही आहेत तेवढेच. तेव्हा 'किंवा' म्हटलं की संयोग, 'आणि' म्हटलं की छेद, हे पाठ करून टाक. तुझ्या उदाहरणात ३ आणि ४ दोन्हीकडे आहेत, म्हणून ते एकदाच. उत्तर पाच. कुणी काही खाल्लेलं नाही.

माझ्या प्रात्यक्षिकांची घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहिलं. तुझ्यासारखी कळण्याच्या पिठाची धिरडी इथे कुणाला करता येत नाहीत.

तुझा,
रामधन


शेलूबाजार
२० ऑक्टोबर १९७४

रामधन,

वा रे वा! 'सुस्पष्ट व्याख्या असलेल्या घटकांचा समूह' हे मी पोट्ट्याईले सांगू? पयले आरशापुढं उभा राहून तूच म्हनून पाह्य. आनं हे 'माझ्या-तुझ्या' कवापासून सुरू झालं? अमरावतीचं पानी लवकर लागलं तुले.

तुह्या 'आणि'नं तं माह्यं डोकं आनखीनच फिरवलं. मालकानं गड्याले सांगतलं, गाई आनं म्हशी सोडून आन. तं तो गडी काय गाय बी असन आनं म्हैस बी असन असं एकच जनावर हुडकत फिरते? तो दोन्ही सोडून आनते. म्हंजे आपल्या बोलन्यात 'आनं' म्हनलं की सारे आले. तुह्या पुस्तकात 'आणि' म्हनलं की मधलेच ऱ्हायले. हे कोन्या गावचं बोलनं होय रे? पुस्तक लिहनारानं कधी गोठा पाह्यला काय?

तरी काल मी हिंमत केली. वर्गात म्हनलं, ज्याच्या घरी शेळ्या हायेत त्यानं हात वर करा. अठरा हात. मंग कोंबड्यावाले. चौदा हात. कायबी नाई असं एकबी घर नाई. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहलं, संयोग बत्तीस. तं तांड्यावरचा प्रेमसिंग उठला आनं म्हने, बाई, आपन तं पंचवीसच हावो. अख्खा वर्ग हासला. मी छडी उचलली आनं मंग खालीच ठेवली, काऊन का पोट्टं खोटं नव्हतं बोललं. घरी आली, आनं भाकर थापता थापता रडू आलं मले. गणितासाठी रडली, कोनाले सांगू नको.

ते सात पोट्टे कुठून आले, एवढं सांग. 'व्याख्या' सांगू नको.

मावशी


अमरावती
८ नोव्हेंबर १९७४

मावशी,

तीच गोष्ट किती वेळा सांगायची? सात मुलं कुठूनही आली नाहीत. त्या सातांच्या घरी शेळ्याही आहेत आणि कोंबड्याही. त्यांनी दोन्ही वेळा हात वर केला, तू दोन्ही वेळा मोजलेस. बत्तिसातून सात गेले, पंचवीस राहिले. ते सात म्हणजे छेद. हे पाचवीतल्या मुलाला कळलं आणि मास्तरणीला कळत नाही, म्हणजे कमालच झाली. गाई-म्हशींवर वाद घालत बसण्यापेक्षा पुस्तकात आहे तसं घोकून घे आणि साहेबांसमोर म्हणून टाक. नाही जमलं तर बालवर्ग काही वाईट नाही.

बरं, एक बातमी. आई आणि मामा यांनी ठरवलं. मामाच्या भागिरथेशी माझं लग्न. फेब्रुवारीत, मंगरूळला, मामाच्याच दारात मांडव. तू तर घरचीच, तुला वेगळं काय सांगायचं.

रामधन


शेलूबाजार
२५ नोव्हेंबर १९७४

चिरंजीव रामधन,

गणितावर बोलत नाई. 'बालवर्ग काही वाईट नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं, आनं दोन्ही वेळा चुलीत घालावंसं वाटलं. पन त्या पानाच्या खालतं लगनाची बातमी होती, म्हनून वाचलं बिचारं.

अरे लेका, मले किती आनंद झाला म्हनून सांगू! तू माह्या बहिनीचा, ते माह्या भावाची. नवरदेवाची मी मावशी, नवरीची मी आत्या. असं भाग्य कोनाच्या वाट्याले येते? साऱ्या शाळेत सांगून टाकलं. एक निळं लुगडं काढून ठेवलं हाये, त्यावर झंपर शिवाले टाकलं. सुट्टीचा अर्ज बी देऊन ठेवीन. मी मांगच बसीन, माह्यासारख्या बाईनं हळदीकुंकवात पुढं पुढं करू नये, हे मले समजते. पन तुमच्या डोक्यावर अक्षता टाकाले तं माह्या हाताले कोनी अडवनार नाई ना?

आता आवतन घेऊन कोन येते ते पाहतो. कस्तुरा येते का जगदेव येते? दोघाईपैकी कोनीबी अक्षत घेऊन दारात उभं राह्यलं की मी निंघालीच समज. आवतनाबिगर तं कुत्रंबी पंगतीजवळ जात नाई.

मावशी


रिसोड
२७ फेब्रुवारी १९७५

मावशी,

लग्न होऊन आठवडा झाला. तू आली नाहीस.

अंतरपाट धरला होता तेव्हा मी मान वळवून बायकांत पाहत होतो. भटजी ओरडले, नवरदेव, सरळ बघा. लोक हसले. मला वाटलं, एसटी चुकली असेल, पंगतीपर्यंत येशील. मग वाटलं, संध्याकाळच्या गाडीने येशील. शेलूबाजार ते मंगरूळ, असा किती लांबचा रस्ता आहे गं?

मी गणितावरून बोललो, मान्य आहे. पण त्याचा सूड लग्नावर घ्यायचा? भागिरथा रोज विचारते, आत्याबाईला मी सून म्हणून नको होते का? तिला काय उत्तर देऊ? मामा गप्प आहेत, आई गप्प आहे. कुणी तुझं नावसुद्धा काढत नाही. तुझ्या घरी चार वर्षं वाढलो म्हणून मी तुझी वाट पाहिली, दुसऱ्या कुणाची पाहिली नसती. तू एवढी हट्टी असशील असं वाटलं नव्हतं.

रामधन


शेलूबाजार
९ मार्च १९७५

रामधन,

सूड? मी सूड घेतला? 

मले आवतन कोनाचं आलं ते सांग! नाव सांग! संकरात झाल्यापासून मी दाराकडं डोळे लावून बसली. फाटक वाजलं की वाटे कस्तुरा आली. एष्टी थांबली की वाटे जगदेव उतरला. कोनी आलं नाई. साधं कारडबी नाई. लगनाच्या दिवशी मी तांबडं फुटाच्या आधी आंघोळ केली, निळं लुगडं नेसली आनं बसली. वाटलं, घाईगर्दीत राह्यलं असन, आज सकाळी तरी कोनी न्याले येईन. मंगरूळची एष्टी गेली. दुसरी बी गेली. जीपवाला इंद्रभान दारातून वरडत होता, बाई, चालता काय मंगरूळले, एक जागा हाये. मी म्हनलं, माह्यं डोकं दुखून राह्यलं.

कशी येऊ मी? सख्ख्या भावाच्या मांडवात बिनबोलावल्यासारखी घुसू? लोक म्हनले असते, विधवा बाई, बोलावली नाई तरी आली, काय हे! मंग मले उमजलं. माह्या कपायावर कुंकू नाई, म्हनून मले अक्षत नाई. नव्या जोडप्यावर माह्यी सावली नको. तोंडावर सांगाची लाज वाटली, म्हनून दोघंबी मुके झाले. आनं आताबी मुकेच हायेत, तूच लिहतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तं पोट्टे दारातच. बाई, लगनाचे लाडू? बाई, बुंदी? काय सांगू त्याईले? मधल्या सुट्टीत रतनलालच्या दुकानात गेली आनं बुंदी घेतली. तो तोलता तोलता म्हने, बाई, तुमच्या घरचंच लगन, आनं बुंदी बाजारची? मी म्हनलं, मांडवातली कमी पडली. सगळ्या वर्गाले वाटली. मी एक दाना तोंडात टाकला नाई.

आता पुन्हा मले पत्र लिहू नको.

गोजराबाई


रिसोड
२४ मार्च १९७५

मावशी,

तू नको म्हटलं तरी लिहितो. फाडू नको, आधी वाच.

तुझं पत्र घेऊन मी मामाकडे गेलो आणि त्यांना गाडीत घालून इथे घेऊन आलो. आईच्या समोर बसवलं. दोघांनाही वाचून दाखवलं. बुंदीपर्यंत आलो आणि आईने पदर तोंडात कोंबला.

ऐक काय झालं ते. आई म्हणते, गोजराअक्का आमची थोरली, माहेरचं माणूस. तिला आवतन द्यायचा मान भावाचा. मी आधी गेले असते तर जगदेव म्हणाला असता, माझ्या बहिणीला बोलावायला मी मेलो होतो का? म्हणून आई गेली नाही. मामा म्हणतात, अक्का नवरदेवाची मावशी, म्हणजे वरपक्षाची. तिला कस्तुरा बोलावणारच, त्यावर मुलीच्या बापानेही अक्षत दिली तर आपल्याकडे काय समजतात, तुला ठाऊकच आहे. एका माणसाला दोन घरचं आवतन गेलं की त्याच्याकडून दोन आहेर मागितल्यासारखं होतं. अक्काच्या एकटीच्या पगारावर हा भार नको, म्हणून मामा गेले नाहीत. मांडवात आईला वाटलं, जगदेवाशी काही बिनसलं म्हणून अक्का आली नाही. मामांना वाटलं, कस्तुराशी बिनसलं. एकमेकांना विचारायची दोघांनाही भीती वाटली, लग्नात वाद नको म्हणून. कुंकवाचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मामा शपथ घेतात. माझा विश्वास आहे.

मग दोघं भांडले, तुझी चूक की माझी. मी उठून बाहेर ओट्यावर बसलो, लग्नपत्रिका पालथी घातली आणि दोन गोल काढले. इकडे वरपक्ष, तिकडे वधूपक्ष. नावं टाकत गेलो. मधल्या जागेत आई, मामा आणि तू. आई आणि मामा तर यजमानच, त्यांना कोण बोलावणार? राहिली तू एकटी. इकडच्यांनी तुला तिकडे धरलं, तिकडच्यांनी इकडे. मावशी, मी तुले शिकवत होतो दोनदा मोजू नको म्हनून. दोनदा मोजू नये म्हनून दोघांनीबी सोडून देलं. आनं मी, मी तं त्या दोन गोलांत सगळ्यात मधात उभा होतो, मले बी दिसलं नाई. मीच एक कारड टाकलं असतं तं?

मी भागिरथेले घेऊन येतो. मायबी येतो म्हनते, मामाबी. तू दार उघडजो.

रामधन


शेलूबाजार
६ एप्रिल १९७५

चिरंजीव रामधन,

तुहं पत्र पयल्यांदा वाचलं तवा मले तुह्या मायचा आनं मामाचा इतका राग आला की घरात एकटीच वरडली. अरे, मानाचं भांडन असतं, जमिनीचं असतं, तं समजलं असतं. ह्याईनं काय केलं? एकमेकाले मान देला, आनं माह्यी दया केली. दयेपायी कोनी मानसाले घराबाहेर ठेवते काय? दोन आहेर! माह्या एकुलत्या भाच्याच्या लगनात दोन आहेर मले जड झाले असते? इचाराचं तं होतं!

संकरातीनंतर येनारे साहेब आता परवा आले. पुस्तक मिटून म्हने, बाई, छेद आणि संयोग समजावून सांगा. मी फळ्यावर दोन मांडव काढले. वर्गाले म्हनलं, हा नवरदेवाचा, हा नवरीचा. एक बाई हाये, ते इकडचीबी हाये आनं तिकडचीबी हाये. तिले आवतन कोन देईन? आधे पोट्टे वरडले, नवरदेववाले! आधे वरडले, नवरीवाले! आनं रूपला नावाचं पोट्टं जाग्यावरूनच म्हने, बाई, असं म्हनत राह्यले तं तिले कोनीच नाई देनार. मी म्हनलं, शाबास. मंग सांगतलं, ते बाई ज्या जागेत हाये तो छेद. दोन्ही मांडवातले सारे मानसं एका पंगतीत बसवले, कोनाले दोनदा वाढलं नाई आनं कोनाले उपाशी ठेवलं नाई, तं तो संयोग. साऱ्याईले समजलं, एकबी पोट्टं चुकलं नाई. साहेबानं वहीत शेरा मारला: उदाहरण पाठ्यपुस्तकाबाहेरचे, पुढे टाळावे. पाचवी मात्र माह्याकडंच ठेवली.

साहेबानं जाता जाता इचारलं, बाई, तुमाले हे एवढं नीट कोनी समजावलं? मी म्हनलं, माह्या भावा-बहिनीनं.

तं समजलं मले आता. चांगलं समजलं. पन समजून काय करू? समजल्यानं तुहा मांडव काही परत उभा होत नाई, आनं तुमच्या डोक्यावर पडलेल्या अक्षतांत माह्यी एकबी नाई. याच्यासाठी मी तुले सोडनार नाई, तुह्या मायले नाई आनं जगदेवाले तं नाईच नाई. दोन-चार वर्सं टोमनेच देनार. ते ऐकाची तयारी असन तं या. चौघंबी या. दार उघडंच राहीन. धिरडे करून ठेवतो, भागिरथेले आवडतात.

आनं एक आयकून ठेव. तुह्या घरी पाळना हालन, तवा बारशाचं आवतन मले तुह्या मायकूनबी आलं पाह्यजे आनं जगदेवाकूनबी आलं पाह्यजे. दोघाईनंबी दारात येऊन अक्षत द्याची. मी दोन आहेर करीन. पंगतीत माह्यासाठी दोन पानं मांडाचे, एक नवरदेवाकडच्या रांगेत, एक नवरीकडच्या. कोनी म्हनलं ना, बाई, हे तं गणितात चुकलं, एका मानसाले एकदाच मोजतात, तं त्याले सांगजो, मांगच्या वेळी मोजलंच नव्हतं.

तुही मावशी,
गोजराबाई